गडूतलं पाणी

आमच्या ह्यांना कुणाचं उष्टं चालत नसे. हे वाक्य मी लग्न झाल्यापासून इतक्या ठिकाणी म्हटलंय की शेवटी शेवटी नातेवाईक माझ्याआधी ते म्हणायला लागले. बँकेत असताना हे स्वतःचं फुलपात्र घेऊन जायचे. प्रवासात बाटली तोंडाला न लावता वरून प्यायचे, आणि दुसऱ्या कुणी ती तोंडाला लावली की ती बाटली त्यांच्यापुरती मेली. हॉटेलात टेबलावरचा ग्लास आधी स्वतः विसळून आणायचे. वेटर बघत राहायचा आणि मी ओळख नसल्यासारखी भिंतीवरचे दर वाचत बसायचे.

एका बाबतीत मात्र या सोवळ्याचा मला फायदा झाला. लग्न होऊन नारायण पेठेतल्या या फ्लॅटमध्ये आले तेव्हा सासूबाईंची अपेक्षा होती की नव्या सुनेनं नवऱ्याच्या ताटात जेवावं. ह्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "आई, तिला वेगळं ताट वाढ. उष्ट्यात जंतू असतात." मला वाटलं, काय सुधारलेला नवरा मिळाला! पुढे लक्षात आलं की त्यात माझा काही संबंध नव्हता, सगळा जंतूंचा होता. तरी ते ताट मला मिळालं ते मिळालंच. त्यासाठी मी त्यांचं पुढे बरंच काही सहन केलं.

मग त्यांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा स्वारगेटजवळच्या सेंटरवर डायलिसिस सुरू झालं. रिक्षाने जायचं, सकाळ घालवायची, पिळून काढलेल्या फडक्यासारखा माणूस परत आणायचा. डॉक्टरांनी सांगितलं, दिवसाला पाऊण लिटर पाणी. त्यात चहा आला, आमटी आली, ताक आलं, गोळीबरोबरचा घोटही आला. हे म्हणाले, "आणि आंघोळीचं?" डॉक्टर हसले नाहीत. लघवी होत नाही, तेव्हा प्यायलेलं पाणी अंगातच राहणार, आधी पायांत उतरणार, मग छातीत जाणार, असं त्यांनी नीट समजावून सांगितलं. छातीत गेलं तर काय, हे आम्ही विचारलं नाही.

तहान ही काय चीज आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. भुकेल्या माणसाला काहीतरी सांगून गप्प करता येतं. तहानेला काही सांगता येत नाही. त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची आणि शब्द चटचट वाजत बाहेर यायचे. लिंबाची फोड चोखून झाली, वेलदोडा झाला, चुळा भरून झाल्या. सकाळी मी त्यांची बाटली भरून द्यायचे आणि ती दिवसभर त्यांच्या नजरेसमोर असायची. दुपारी ती संपली की हे माझ्याशी कुठल्याही कारणावरून भांडायचे. मीही भांडायचे. मला पाण्याच्या पहाऱ्यावर बसवलंय असं वाटून माझं डोकं सतत तापलेलं असे.

त्या दिवसांत ह्यांची धाकटी बहीण, म्हणजे आमच्या वन्सं, हडपसरहून बसने आल्या. मांडीवर कुंडी घेऊन. "दादाला तेवढाच विरंगुळा," म्हणाल्या. वेल होती. पानं पिंपळपानाच्या आकाराची, पण नखाएवढी, आणि घोळाच्या भाजीच्या पानांसारखी जाड, रसदार. अर्धं पान हिरवं, अर्धं पांढरं, कडेला गुलाबी झाक. फांद्या बारीक दोरीसारख्या, त्यातल्या काही दोऱ्या तर पूर्ण पांढऱ्याच होत्या. कुंडी छताला टांगायची होती, पण ह्यांच्या डायलिसिसच्या हाताला जोर देऊन चालत नव्हतं, म्हणून गॅलरीच्या दाराशी उंच स्टुलावर ठेवली. तिच्या दोऱ्या फरशीपर्यंत लोंबायच्या आणि केर काढताना मला त्यांची वेणी हातात धरून झाडू फिरवावा लागायचा. वेलीचं इंग्रजी नाव वन्संनी दोनदा सांगितलं. मी दोनदा विसरले.

"वहिनी, एक मात्र लक्षात ठेवा," वन्सं म्हणाल्या. "नर्सरीवाल्यानं बजावून सांगितलंय, हे तहानेनं नाही मरत, पाण्यानं मरतं. पाणी अगदी बेतानं."

ह्यांनी खुर्चीतूनच विचारलं, "याला कुठल्या डॉक्टरांकडे नेलं होतं?"

त्या दिवशी आम्ही तिघंही हसलो. पुढे या घरात हसण्यासारखं फार काही घडलं नाही.

वेलीचं काम ह्यांच्याकडे आलं. माणसाला दिवसभर काहीतरी हवं ना. मोबाइलवर वाचून वाचून त्यांनी तिची कुंडली काढली. सकाळचं ऊन दोन तास, दुपारी पडदा. पान दोन बोटांत धरून दाबून बघायचं, कडक असलं तर पाणी नाही. एकदा मला बोलावून एक पांढरी दोरी दाखवली. "ही सगळ्यात सुंदर दिसते ना? पण पांढरं पान स्वतः काही कमवत नाही. हिरव्यांच्या जिवावर बसून खातं. माझ्यासारखं."

"तुमची पेन्शन येते," मी म्हटलं.

"तेवढाच हिरवा ठिपका," ते म्हणाले.

आता गडूचं सांगायला हवं. आमच्या घरात पाणी फेकत नाहीत, ही माझ्या सासूबाईंची शिस्त. गुरुवारी नळ कोरडा असतो अशा गावात ती शिस्त मलाही पटली होती. ओट्याच्या कोपऱ्यात एक पितळी गडू असायचा. रात्रीच्या तांब्यातलं शिळं पाणी, पाहुण्यांच्या भांड्यांत उरलेलं पाणी, सगळं त्या गडूत. तुळशीला त्यातलं घालायचं नाही, तिला उष्टं कसं घालणार? तिला आंघोळ झाल्यावर ताजं पाणी मी घालायचे. गडूतलं पाणी इतर झाडांना. आमच्याकडे इतर झाड म्हणजे ही वेल. तिला त्यातले चार-दोन चमचे पुरायचे, उरलेलं हे गॅलरीतून खालच्या जास्वंदीवर ओतायचे. त्यावरून तळमजल्यावरच्या गृहस्थांनी एकदा वर मान करून विचारलं होतं, "काका, आज अभिषेक जरा लवकर झाला का?"

आजाऱ्याच्या घरी माणसं फार येतात. आणि आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं ही आपली रीत. मी तांब्या-भांडं पुढे ठेवायचे आणि ते लोक ह्यांच्यासमोर बसून, उन्हातून आल्यावर पितात तसं घटाघट प्यायचे. "काय हो, पाण्याचं फार कडक आहे म्हणे," असं म्हणत प्यायचे! ह्यांची नजर त्यांच्या गळ्यावर असायची. आणि गंमत म्हणजे एकही जण भांडं संपवायचा नाही. अर्धं प्यायचं, अर्धं ठेवायचं, ही एक सभ्यपणाची समजूत आहे आपल्याकडे. मला त्या अर्ध्या भांड्यांचा इतका संताप यायचा की मी ती उचलून गडूत आपटून रिकामी करायचे.

उन्हाळा चढला तशी ह्यांची वजनं बिघडायला लागली. सेंटरवर आधी वजन करतात, म्हणजे किती पाणी साठलं ते कळतं. तिथली मुलगी म्हणायची, "काका, परत जास्त झालंय." हे म्हणायचे, "काटा तपासून घ्या." पाय सुजले, चपलेचे पट्टे रुतायला लागले. मी सगळं बंद केलं. लोणचं बंद, पापड बंद, कलिंगड घरात आणायचं बंद. फ्रिजमधला बर्फाचा ट्रे शेजारी नेऊन दिला. शुद्ध पाण्याचं यंत्र चालू झालं की घरभर घरघर ऐकू येते, त्यामुळे तिथून ते पाणी घेत नव्हते हे नक्की. न्हाणीघरातलं टाकीचं पाणी तोंडात घेणाऱ्यातले ते नव्हेत, हेही नक्की. तरी मी एक-दोनदा न्हाणीघराच्या दाराला कान लावून उभी राहिले. नवऱ्याच्या आंघोळीला कान लावून उभं राहायची वेळ कुणावर येऊ नये.

त्याच सुमाराला वेल बिघडली. पानं मऊ पडली, सुरकुतली. पांढऱ्या दोऱ्या टोकाकडून तपकिरी होऊन कुरकुरीत झाल्या आणि फरशीवर गळायला लागल्या. मला नर्सरीवाल्याचं वाक्य पाठ होतं. मी ह्यांच्यावर कडाडले. "किती पाणी घालता तिला? कुजवलीत ना! एवढंसं झाड आहे, त्यालाही बेतानं द्यायचं कळू नये?"

ते म्हणाले, "हो. चुकलंच माझं."

हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. या माणसानं उभ्या आयुष्यात "चुकलं" म्हटलं नव्हतं. एकदा आम्हाला चुकीच्या गाडीत बसवून मिरजेला नेलं, तेव्हाही रेल्वेचं चुकलं होतं. पण माझं लक्ष त्यांच्या पायांकडे होतं. खाली भाजी आणायला गेले तेव्हा तळमजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, "काकू, हल्ली वरचा अभिषेक बंद दिसतो." मी म्हटलं, "ह्यांना उभं राहवत नाही आता." आणि पुढे गेले.

मग एका सकाळी ह्यांना दम लागला. आडवं होता येईना, बसवेना, ओठ निळसर झाले. रिक्षात मी त्यांना धरून बसले होते आणि त्यांच्या छातीतून उकळत्या भांड्यासारखा आवाज येत होता. हॉस्पिटलमध्ये तातडीनं डायलिसिस करून छातीतलं पाणी ओढलं. नंतर एक तरुण डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "काकू, पाणी कोण देतं यांना?"

"महापालिका देते," मी म्हटलं. "मी नाही देत."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला तिथेच रडू फुटलं. रागानं. जिनं घोटाघोटासाठी नवऱ्याशी वैर घेतलं, तिलाच हे विचारत होते. "पुन्हा असं झालं तर परत आणता येईलच असं नाही," एवढं सांगून ते पुढच्या खाटेकडे गेले.

घरी आल्यावर दुपारी ह्यांना झोप लागली. मला काही सुचेना, हात स्वस्थ बसेनात, म्हणून ती वेल काढायला घेतली. कुजलेली मुळं कापली तर उरलेली वाचेल, असं वन्संनी फोनवर सांगितलं होतं. गॅलरीत जुना पेपर पसरला, कुंडी आडवी करून थोपटली. चिखल निघेल, वास येईल, या तयारीनं मी नाकाला पदर लावला होता.

आतून भुगा निघाला. नाचणीच्या पिठासारखी कोरडी, हलकी माती, वाऱ्याबरोबर पेपरावरून उडायला लागली. मुळं कुजलेली नव्हती. वाळून दोऱ्यासारखी झाली होती. मातीत तिचे छोटे कंद असतात, ते फुटाण्यांसारखे सुरकुतले होते. त्या कुंडीत कित्येक आठवडे पाण्याचा थेंब पडला नव्हता. जाड पानांत साठवलेलं पाणी वापरत ती इतके दिवस निभावत होती, म्हणून कुणाला कळलं नाही.

मग गडू रोज रिकामा कसा होत होता?

मी त्या मातीसमोर बसून राहिले. घरातलं पाणी म्हणून मी नळ बघितला, यंत्र बघितलं, बर्फ बघितला. गडूकडे माझी नजर गेलीच नाही. कशी जाईल? त्यात शेजारच्यांचं उष्टं होतं, बँकेतल्या जुन्या मित्रांचं होतं, विम्याच्या एजंटाचं होतं, माझ्या भाच्याच्या पानतंबाखूनं रंगलेल्या तोंडाचं होतं. स्वतःच्या आईच्या भांड्यातलं कधी न प्यायलेला माणूस झाडाला पाणी घालायच्या निमित्तानं गडू उचलत होता, गॅलरीच्या दाराआड जात होता आणि ते पीत होता. रोज. मला त्यांचा राग यायला हवा होता, कारण त्या पाण्यानं ते मरणाच्या दारापर्यंत जाऊन आले होते. राग आला नाही. मला इतकं वाईट वाटलं की मी पदर तोंडात कोंबला, आवाज आत जाऊ नये म्हणून.

विचारायचं कसं? आणि विचारून काय होणार होतं? गडू उचलून आत ठेवला असता तर त्यांना कळलं असतं की मला कळलंय. मग त्या माणसाकडे उरलं काय असतं? आणि तसाच ठेवला असता तर पुन्हा छातीत पाणी. त्या दुपारी मी नवी माती भरून वेल परत लावली, पेपर गुंडाळला आणि ठरवलं.

दुसऱ्या दिवसापासून पाहुण्यांचं उरलेलं पाणी मी मोरीत ओतायला लागले. सासूबाई असत्या तर त्यांनी मला घराबाहेर काढलं असतं. गडू चिंचेनं लखलखीत घासला आणि त्यात उकळून गार केलेलं पाणी ठेवायला लागले. गडूत जेवढं जास्त, तेवढं त्यांच्या बाटलीतून कमी. आमटी दाट केली, चहा अर्धा केला. बाटली अर्धीच बघून ते कुरकुरतील असं मला वाटलं होतं. एक शब्द बोलले नाहीत. सकाळी ते उठायचे, म्हणायचे, "झाडाला पाणी घालून येतो," आणि मी कुकरची शिट्टी मोजण्यात गुंग असल्याचं दाखवायचे. ते आंघोळीला गेले की मी चार चमचे पाणी वेलीला घालायचे.

वजनं उतरली. सेंटरवरच्या मुलीनं ह्यांना शाबासकी दिली. "काटा तपासलात वाटतं," हे म्हणाले. वेलही सावरली, पण पांढऱ्या दोऱ्या गेल्या त्या गेल्याच. नवी पानं आली ती सगळी साधी हिरवी. वन्सं म्हणाल्या, नुसत्या हिरव्या दोऱ्या छाटायच्या असतात, नाहीतर रंग परत येत नाही. मी छाटल्या नाहीत. घर कमावत्या पानांवरच चाललं होतं.

असा पावसाळा गेला, दिवाळी गेली. त्या काळात आम्ही भांडलो नाही. तो सुखाचा काळ होता असं कुणी म्हणेल, पण तसं नव्हतं. तहान तेवढीच होती. आम्ही दोघं एका खोटेपणात नीट बसलो होतो, एवढंच.

थंडीत त्यांचं हृदय थकलं. मशीनवर घेतलं की रक्तदाब कोसळायचा. शेवटी डॉक्टरांनी मशीन थांबवलं आणि मला म्हणाले, "आता मागतील ते द्या." या वाक्याचा अर्थ कळायला शिक्षण लागत नाही. मी खाटेपाशी गेले आणि विचारलं, "पाणी हवं का? हवं तेवढं घ्या आता." उशाशी हॉस्पिटलची सीलबंद बाटली होती, ती मी उघडली.

त्यांनी मान हलवली. ओठ चिकटले होते, शब्द सुटायला वेळ लागला.

"घरचं आण," ते म्हणाले. "त्या गडूतलं."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते खिडकीकडे बघत होते.

वन्संना त्यांच्यापाशी बसवून मी रिक्षानं घरी गेले. गडू भरलेलाच होता. त्यावर वाटी झाकली, तो पदरात गुंडाळून दोन्ही हातांनी धरला आणि तसाच घेऊन आले. एक थेंब सांडू दिला नाही. त्यांना दोन चमचे गिळता आले. तिसरा ओठांच्या कडेनं बाहेर आला, तो मी पुसला. वर्षभर ज्या पाण्यासाठी त्यांनी एवढं केलं, ते आता समोर भरलेलं होतं आणि त्यांच्यानं पिववत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. उरलेलं पाणी मी घरी आणून वेलीला घातलं.

सुतकात आमच्याकडे कुणी पाणी घेत नाही. तेरावं झालं आणि माणसं पुन्हा येऊन अर्धं भांडं पिऊन अर्धं ठेवायला लागली. एका दुपारी असेच कुणी येऊन गेल्यावर वन्संनी भांडी आवरायला घेतली. एक अर्धं भरलेलं भांडं घेऊन त्या गॅलरीच्या दाराशी गेल्या आणि वेलीवर वाकल्या.

"थांबा," मी ओरडले. त्या दचकल्या.

"अहो वहिनी, वाया कशाला घालवायचं?"

"तिला उष्टं चालत नाही."

"झाडाला कसलं आलंय उष्टं!" त्या म्हणाल्या. 

मी त्यांच्या हातातून भांडं घेतलं आणि मोरीत ओतलं.